एका मुक्कामाची वाट

जुळे सोलापूर, ८ सप्टेंबर

चि. धनाजीस आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन केला की तुजी मीटिंग निघतीया, म्हणून कागदावर लिवते. रुपाली फोटू काढून धाडील. तिच्या नंदीशचं जावळ अजून ऱ्हायलंय. दिवाळीला तिसरं वर्ष सरतंय. चौथ्यात काढत न्हाईत, मग थेट पाचव्यात. तवर पोराला वेणी घालून बालवाडीत धाडायचं का? खालची सुंदरम्मा आत्ताच त्याला पोरगी म्हणती. मांडी मामाची लागती, आणि त्याला मामा तू एकच. ये.

लोभ हायच, तो आता पायानं दाखव.
आई

टोरांटो, १२ सप्टेंबर

ती. आईस सा. न.

पत्र वाचून हसलो. आई, इथून मुंबई साडेबारा हजार किलोमीटर आहे. मध्ये फ्रँकफुर्टला विमान बदलायचं, तिथं चार-पाच तास बसून राहायचं. सगळे मिळून वीस तास तरी जातात, सोलापूर त्याच्याही पुढे. एका सकाळच्या कार्यक्रमासाठी एवढं येणं जमत नाही. नकाशा पाठवतो, म्हणजे तुला कळेल. जावळ व्हिडिओवर बघेन. मांडीचं तुम्ही काहीतरी जुळवा.

माया आहे तशी राहू दे.
तुझा धनाजी

जुळे सोलापूर, १४ सप्टेंबर

चि. धनाजीस आशीर्वाद.

नकाशा बघितला. निळं लई हाय. किलोमीटर मला कळत न्हाईत, आपल्यात मेंढरामागं जाणारी माणसं वाट मुक्कामानं मोजत्यात. तुज्या आत्याच्या पोराचं जावळ हुतं तवा तुजा बाप विजापूरकडं मेंढरांत हुता. सात मुक्काम चालत आला. खांद्यावर घोंगडी, बगलंत आजारी कोकरू, पायताण तुटलं ते हातात. तुज्या वाटंत मुक्काम एकच, त्योबी खुर्चीत. मग लांब कोण?

लोभ किती ते येऊन सांग.
आई

टोरांटो, ३ ऑक्टोबर

ती. आईस सा. न.

रुपालीनं माझा पुण्यातला फोटो दाखवलाच असेल, म्हणून सांगून टाकतो. कंपनीनं मला मागच्या आठवड्यात चार दिवस पुण्याला पाठवलं होतं. वीस तासांचा प्रवास, झोप नाही, मीटिंगवर मीटिंग. पुण्याहून सोलापूर म्हणजे जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडला असता. रागावू नकोस. तुला एक घड्याळ पाठवतोय, त्यात दोन्हीकडची वेळ दिसते.

राग ओसरला की लोभ असू दे.
धनाजी

जुळे सोलापूर, १३ ऑक्टोबर

चि. धनाजीस आशीर्वाद. वि. वि.

जावळ झालं. काल गावच्या बिरोबाफुडं काढलं. न्हाव्यानं वस्तरा हातात घिऊन इचारलं, मामा कुटं हाय. मी म्हणले, साडेबारा हजारावर हुता तवा आला न्हाय, पुण्यात आडीचशावर हुता तवाबी आला न्हाय, तू चालव वस्तरा. तुज्या बापाची घोंगडी घडी घालून पाटावर हातरली आणि नंदीशला तिच्यावर बसवलं. मामाच्या घरचंच काय तरी पायजे हुतं की. पोरगं रडलं न्हाय. रुपाली रडली.

जावळ मामानं नदीत सोडायचं असतंय. म्हणून ह्या टायमाला फोटू न्हाय, खरं पत्र धाडते. पाकिटात एक बट हाय. तुज्याकडं नदी असंल तितं सोड. पोष्टातल्या बाईला इचारलं, किती दिस लागतील. ती भीत भीत म्हणली, पंधरा-वीस दिस तरी जातील, लई लांब हाय.

मी म्हणले, जाऊ दे की बाई, केस हाय त्यो, पोचंल. माणूस असता तर काळजी हुती.

लोभ घोंगडीत गुंडाळून ठेवलाय. लागला तर येऊन घिऊन जा.
आई