सूत तोडायची परवानगी

॥ श्री ॥

साळी गल्ली, मस्तगड, जालना
ता. ११ फेब्रुवारी १९३४

चिरंजीव मच्छिंद्र भावजी यांस वहिनी साळूबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुमचं पत्र शुक्रवारी हातात पडलं. इथं आम्ही सारे खुशाल आहोत.

हिंदुस्थानाकडून पळायला तुमची निवड झाली अन् आता दिल्लीला निघाले, हे मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, पलटणीतूनच पळून चालले की काय! शेजारच्या कमरबीला हाक मारून सांगितलं, तर बाई तव्यावरची भाकर तशीच टाकून आली. मंग भाकर करपली अन् बोलणी मी खाल्ली. ती विचारत होती की एवढ्या लांब जाऊन पळायचं किती? मी पत्रात बघून सांगितलं, शंभर वार. तिला हसू आवरेना. एवढं तर मच्छिंद्र दही आणायला जाताना पळत होता, असं तिचं म्हणणं पडलं.

तवा मागाच्या खड्ड्यातून हे बोलले. तुमच्याबद्दल न्हाई हो, भिंतीकडं बघून बोलले. शंभर वार म्हणजे अकरा लुगडी अन् वर एक वार, असा त्यांनी हिशेब केला अन् पुन्हा विणाय लागले.

दर पत्रात तुम्ही विचारता की दादा माझ्याविषयी काही बोलला का. भावजी, खोटं कशाला लिहू, न्हाई बोलले. दोन दसरे झाले. हे मंठ्याच्या बाजाराला गेल्ते, अन् तुम्ही अर्धं लुगडं मागावर सोडून, न विचारता न सांगता पलटणीत भरती व्हायला निघून गेल्ते. सासरे वारल्यापासून ह्यांनी तुम्हाला लेकरावाणी वाढवलं. तोंडावर सांगून गेले असते तर चार शिव्या देऊन मोकळे झाले असते. न सांगता गेलात ते त्यांना लई लागलं. घरात तुमचं नाव निघालं की लगेच खळीचं पातेलं बघायला उठतात.

पण एक गोष्ट सांगते. तुमचं पत्र मी मुद्दाम मागाजवळ बसून मोठ्यानं वाचते. वाचाय लागले की धोटा थांबतो. वाचून झालं की खटखट सुरू होते. त्यांना वाटतं, बायकोला काही कळत न्हाई.

दिल्लीत थंडी फार असती म्हणतात. छातीला तेल चोळत जा, अन् लोकांपुढं ती अर्धी चड्डी जरा लांब शिवून घ्या. वहिनीची आठवण ठेवून पत्र धाडावं.

तुमची वहिनी
साळूबाई

॥ श्री ॥

मुक्काम दिल्ली
ता. २७ फेब्रुवारी १९३४

तीर्थस्वरूप वहिनी यांचे चरणी मच्छिंद्रचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

मी खुशाल आहे. इथं लंकेचे, अफगाणिस्तानचे, पॅलेस्टाइनचे पळणारे आलेत. एक अफगाण तर एवढा उंच, की आपल्या दारातून बसूनच आत यावं लागेल. आमचे याकूब हवालदार माझ्यासंगं आहेत. रोज सकाळी ते माझे पाय असे मळतात, जशी कणीक.

आज पहिली फेरी झाली. वहिनी, मी काय करून बसलो ते ऐका, अन् आधी हसून घ्या.

इथं पल्ल्याच्या शेवटी दोन खांबांना छातीइतक्या उंचीवर लोकरीचं पांढरं सूत बांधतात. पहिला येणाऱ्यानं ते छातीनं तोडायचं. हैदराबादेत पलटणीच्या शर्यतीत नुसती चुन्याची रेघ असायची. मुंबईच्या निवडीत सूत होतं, पण तिथं मी दुसरा आल्तो, सूत पुढच्यानं आधीच तोडलं होतं. म्हणून आजवर माझी अन् सुताची गाठ पडली नव्हती.

बंदूक वाजली. अर्ध्यावर माझ्यापुढं एक माणूस न्हाई. वहिनी, मी वाऱ्यावर होतो! अन् समोर ते सूत दिसलं. मी काही विचार केला न्हाई. गल्लीत ताणा लावलेला असला, उभं सूत लांब ताणून बांधलेलं असलं की आपल्याकडची पोरं पळता पळता जशी वाकून खालून निघतात, तसाच निघालो. मान खाली, पाठ वाकडी, सुताला केस लागू दिला न्हाई. वाकण्यात माझा वेग गेला, तोवर मागचे दोघं आले, अन् त्यांनी छातीनं तोडलं.

सारं मैदान हसत होतं. पंच साहेब आपसात भांडाय लागले. एक म्हणे हा पहिला, दुसरा म्हणे हा मोजायचाच न्हाई. शेवटी तिसरा धरलं. तिघांना आखरी शर्यतीत घेतात, म्हणून बालंबाल वाचलो. हवालदारांनी कपाळावर हात मारून घेतला. दुपारी त्यांनी दोन झाडांना दोरा बांधून मला दहा वेळा पळवलं. आठ वेळा मी खालून गेलो.

तुम्ही नव्यानं नांदायला आल्त्या तवाची गोष्ट आठवती का? मी नऊ वर्षांचा होतो. गल्लीतल्या अजमतचाचांच्या ताण्यात जाऊन धडकलो अन् वीस-पंचवीस सुतं तुटली. दादानं माझ्या थोबाडीत दिली. मंग दिवसभर उन्हात उभं राहून त्यानं एकेक सूत स्वतः गाठलं. दुसऱ्याच्या सुताला धक्का लावणं याच्यापरीस साळ्याच्या पोराला मोठं पाप न्हाई, असं तो सांगत होता. ते माझ्या अंगात इतकं बसलंय की निघतच न्हाई. मी मनाला लई समजावतो, पण पाठ ऐकत न्हाई.

हे दादाला सांगू नका असं लिहिणार होतो. पण सांगा. त्यानं घातलेली शिस्त त्यालाच काढता येईल. तो एकदा तोड म्हणाला तर माझी छाती पुढं होईल, हे मला बराबर माहीत आहे. आखरी शर्यत शनिवारी, तीन तारखेला, चार वाजता आहे. तो बोलणार न्हाई हेही माहीत आहे. तरी सांगा. पत्ता खाली लिहिला आहे.

धाकट्या दिराला पदरात घ्यावं, एवढंच मागणं.

आपला
मच्छिंद्र

॥ श्री ॥

जालना, धुळवड
ता. २ मार्च १९३४

चिरंजीव मच्छिंद्र भावजी यांस साळूबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र पोचेल तवा शर्यत होऊन गेलेली असेल. तरी लिहिल्याबिगर मला करमणार न्हाई.

तुमचं पत्र आज सकाळी आलं. हे नुकते धुळवड खेळून आल्ते, तोंड जांभळं-हिरवं, अन् तसेच मागावर बसले होते. मी वाचाय लागले. धोटा थांबला. तुम्ही सुताखालून वाकून गेले तिथवर आले, अन् मला आधी कळेचना की घरात कसला आवाज होऊन राह्यला. हे हसत होते! मागावर कपाळ टेकून, पोट धरून हसत होते. कमरबी काय झालं म्हणून बघाय आली. तिलाही वाचून दाखवलं. ती तर जमिनीवरच बसली. भावजी, दोन वर्षांत ह्या घरात असं हसणं झालं नव्हतं.

मंग मी थोबाडीतलं वाचलं. ह्यांचं हसू थांबलं. शेवटपर्यंत वाचून झाल्यावरही धोटा सुरू झाला न्हाई. मला विचारलं की तीन तारीख कधी. मी म्हणलं, उद्या. तसे खड्ड्यातून उठले, चपला न घालता, तोंड न धुता, अजमतचाचांना हाताला धरून टेसनातल्या तारघराकडं निघाले. मी पत्ता फाडून मागं पळत गेले, तवा तो त्यांच्या हातात पडला.

पुढचं अजमतचाचांनी सांगितलं. तारबाबू ह्यांचं रंगलेलं तोंड बघून आधी ह्यांना भांग प्यायलेला माणूस समजला. मजकूर विचारला तर ह्यांनी दोनच शब्द सांगितले, सूत तोड. बाबूनं लेखणी खाली ठेवली. सूत म्हणजे चरखेवाल्यांचा काही इशारा तर न्हाई, दिल्लीत काही गडबड करायचा बेत तर न्हाई, असं तो विचाराय लागला. अजमतचाचांनी सारी कथा पहिल्यापासून सांगितली, तवा बाबू इतका हसला की त्याच्या हातून शाई सांडली. मंग म्हणाला की अजून दोनचार शब्द घाला, खुशाली लिहा, आशीर्वाद लिहा. ह्यांनी मान हलवली. त्याला एवढ्याचीच गरज आहे, असं म्हणाले.

घरी येऊन गुमान तोंड धुतलं अन् विणाय बसले. दोन वर्षांनी भावाशी बोलले अन् मोजून दोन शब्द बोलले, ही काय तऱ्हा! पण बोलले हो. मी चुलीपुढं बसून लई रडले, अन् वरण उतू गेलं.

तार वेळेवर पोचली का न्हाई ते देव जाणे. जल्दी कळवा. माझा जीव टांगणीला आहे.

तुमची वहिनी
साळूबाई

॥ श्री ॥

मुक्काम दिल्ली
ता. ४ मार्च १९३४

तीर्थस्वरूप वहिनी यांचे चरणी शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तार पोचली! काल दुपारी एक वाजता शिपाई आला. इंग्रजी अक्षरं होती, हवालदारांनी वाचली, पण त्यांना अर्थ लागेना. ते अक्षरं जोडून वाचत गेले अन् मी मटकन खाली बसलो. खाली दादाचं नाव होतं. हवालदार घाबरले, घरी कोणी गेलं का म्हणून विचाराय लागले. मला हसूही येऊन राह्यलं होतं अन् रडूही.

चार वाजता सहा जण उभे राहिलो. माझ्या उजव्या हाताला लंकेचा गडी होता. बंदूक वाजली तवा तोच आधी सुटला. मी त्याला साठ वारांवर गाठलं. मंग सूत दिसलं. पाठ वाकाय लागली, ते मला कळलं. तवा दादाचा आवाज आला, जसा तो मागावरून ओरडतो तसा, अन् मी छाती अशी पुढं घातली की अंगातलं सारं तिथंच ओतलं. वहिनी, ते सूत माझ्या अन् लंकेच्या गड्याच्या छातीवर एकदमच होतं. एकच सूत अन् दोघांच्या छात्या! ते कुणाकडून तुटलं ते मला अजून माहीत न्हाई.

पंचांनी पाव घंटा लावला. लंकेचा गडी पहिला, चार बोटांनी. मी दुसरा. चांदीचं पदक मिळालं. याकूब हवालदार अजून पंचांच्या नावानं बोटं मोडून राह्यलेत, पण मला बिलकुल वाईट वाटलं न्हाई. मी आयुष्यात एवढ्या जोरात कधी पळालो नव्हतो.

अजून एक गंमत झाली. तुटलेलं सूत पायाशी पडलं होतं. मी दम खात उभा होतो, अन् हात आपोआप खाली गेले. दोन्ही टोकं उचलली अन् आपली साळ्याची गाठ मारून टाकली. लंकेचा गडी बघतच राहिला. त्यानं ती गाठ ओढून बघितली, सुटेना. त्याला आपली भाषा येत न्हाई, मला त्याची येत न्हाई. मी त्याला पुन्हा एकदा हळूहळू मारून दाखवली. मंग त्यानं मला उचलून घेतलं. लोकांनी केवढ्या टाळ्या वाजवल्या!

आता एकच काळजी आहे. दहा तारखेपासून पंधरा दिवसांची रजा मिळाली आहे. पण तार हे दादाचं बोलणं होतं, का नुसती शर्यतीपुरती परवानगी होती? मी दारात आलो अन् तो उठून खळीचं पातेलं बघाय गेला, तर पदक घेऊन मी उभा कुठं राहू? तुम्ही त्याचं मन ओळखून लिहा. तोवर मी दिल्लीतच राहतो.

मच्छिंद्रवर कृपा असू द्यावी.

आपला
मच्छिंद्र

॥ श्री ॥

जालना
ता. ८ मार्च १९३४

चिरंजीव मच्छिंद्र भावजी यांस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुमचं पत्र काल आलं. साऱ्या गल्लीत अजून कोणाचा माग धड चालून न्हाई राह्यला. कमरबीनं शेवया केल्या अन् अजमतचाचांनी सगळ्यांना पुन्हा पुन्हा थोबाडीतलीच गोष्ट सांगितली. तुटलेली सुतं आता पंचवीसाची दोनशे झालीत.

तुमची रजेची काळजी मी ह्यांना विचारली न्हाई. नुसती मोठ्यानं वाचली. ह्यांनी धोटा खाली ठेवला. मंग म्हणाले की लेखणी आण. भावजी, इथून पुढं मी फक्त हात आहे, बोलणारे हे आहेत.

ते विचारतात, चार बोटं कोणाची धरली, साहेबाची का साळ्याची? चार बोटं म्हणजे लुगड्याचा बारका काठ. काठाच्या फरकानं हरलेल्या माणसाला ते हरलेला समजत न्हाईत. लोकर घट्ट आवळून राहत न्हाई, तिला साधी गाठ टिकत न्हाई, दुहेरी मारायला पाहिजे होती, हे तुला कितींदा शिकवलं, असंही म्हणतात.

मी लेखणी धरून बसले. मंग म्हणाले, लिही की मी त्या दिवशी बाजारातून आलो तवा तुझ्यासाठी जिलबी आणली होती. तू नव्हतास. मला राग तू गेलास त्याचा न्हाई आला. मी तुला अडवीन असं तुला वाटलं, त्याचा आला. मी अडवलं असतं का न्हाई ते मला माहीत न्हाई. पण विचारायचं तरी. अन् त्या थोबाडीचं मला अजून वाईट वाटतं. लेकरू होतास तू.

एवढं सांगून ह्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. मला म्हणाले, धूर लई झालाय घरात. चूल पेटलेली नव्हती.

मी विचारलं की आता शेवट काय लिहू. ते म्हणाले की लोक काय लिहितात. मी म्हणलं, लोभ असावा असं लिहितात. त्यावर ते खेकसले की लोभ असावा कशाला, तो काय कुठं गेलाय? हे असलं खोटं माझ्या नावानं लिहू नको. त्यापरीस त्याला विचार की गाडी किती वाजता येती. मी टेसनात येतो.