शनिवारची पन्नास काडतुसं

बाबा,

आज क्लबला येऊ नका. शनिवारी तुम्ही रिव्हॉल्व्हरसाठी भरलेली पन्नासच्या पन्नास काडतुसं मी घेऊन चाललेय, तिथेच उघडून रिकामी करून घेते.

आपल्या गोळ्या ओतीव शिशाच्या, आणि तुम्ही बंदुकीच्या पावडरचं वजन घेतलंत ते पुस्तकातल्या तांब्याच्या आवरणवाल्या गोळीच्या पानावरून. दोन्ही पानं शेजारी आहेत, मान्य. पण त्यातही सगळ्यात मोठा आकडा? एवढ्या पावडरने रिव्हॉल्व्हर हातातच फुटू शकतं. “जी गोळी, पान तिचंच, आणि सुरुवात खालच्या आकड्यापासून,” हे माझ्याकडून तुम्हीच घोकून घेतलंत ना? चाळीस वर्षं पेशंटना भूल दिलीत, पण दुसऱ्याला दाखवल्याशिवाय एक डोस दिला नाहीत.

उठवणार होते, पण तुमचा डोळा नुकताच लागला होता. पोहे झाकून ठेवलेत. दहाला नीलदादा तुमच्याजवळ थांबायला येईल. मीच बोलावलंय, त्याच्यावर चिडू नका.

काडतुसांच्या वहीत दर खेपेला दोन सह्या हव्यात, हा नियमही तुमचाच. भरणाऱ्याची सही तुमची आहे. तपासणाऱ्याची माझी आहे, तुमच्या अक्षरात.

बाबा, शनिवारी मी लेस्टरला होते.

अनुया