बॅटरीची तांबडी मूठ

रत्नागिरी,
२१ सप्टेंबर १९८६

चि. भागोजीस अक्काचे अ. उ. आ.

एका गंभीर प्रसंगी लेखणी उचलली आहे. माझ्या कपाटाची मूठ गेली. तू दोन दिवस राहून पालीला परतलास, त्याच दुपारी साडी काढायला गेले तर दारावर नुसतं भोक. गेले आठ दिवस मी स्वतःचं कपाट चोरासारखी उलथन्याने उघडते आणि मग शाळेत जाऊन मुलींना नागरिकशास्त्र शिकवते. शेजारच्या बकुळाबाईंनी खिडकीतून पाहिलं आणि विचारलं, कपाटात काही परतायला टाकलंय का.

चोर कोण याची मला शंका नाही. शंका आहे ती हेतूची. मुंबईला विमानांच्या कारखान्यात अठरा वर्षं घालवलीस, आता गावी शेती बघशील असं वाटलं, तर सड्यावर, गावावरच्या त्या उघड्या कातळावर, शेड घालून नळ्यांचं आणि कापडाचं विमान बांधायला बसलास. बायकोला, राहीला, देवासमोर शब्द दिलास, की दिल्लीचा परवाना येईपर्यंत ते फक्त जमिनीवर पळेल. जमिनीवर पळणाऱ्याला पंख कशाला, हे मी तेव्हा विचारलं नाही. आता मुठीचं विचारते. खरं लिही. खोटं लिहिताना तू फार सुवाच्य लिहितोस, हे मला तू चौथीत असल्यापासून ठाऊक आहे.

लोभ आहे तेवढा आहे. वाढवायचा की नाही ते उत्तर वाचून ठरवीन.

तुझी,
अक्का

*

पाली,
२५ सप्टेंबर १९८६

ती. अक्कास भागोजीचा शि. सा. न. वि. वि.

मूठ मीच नेली. मागितली असती तर दिली असतीस, पण आधी तासभर बोलली असतीस, आणि माझी एसटी साडेतीनची होती.

कशासाठी ते सांगतो. विमानाची बॅटरी बैठकीच्या मागे आहे, वजन सांभाळायला. समोरच्या फळीवर बटण आहे. ते बंद केलं की पुढचं सगळं बंद होतं, पण बॅटरीपासून बटणापर्यंतची जाड तार जिवंतच राहते. ती कुठे नळीला घासून सोलली, तर बटणाचा काही उपयोग नाही. तार तापत जाते, पेटते, आणि पेट्रोलची टाकी तिथून हातभर. म्हणून बॅटरी आहे तिथेच तोडता आली पाहिजे. तिच्या तोंडाशी मी तांब्याचं पातं बसवलंय, त्याला सायकलच्या ब्रेकची तार, आणि तारेच्या टोकाला, बैठकीच्या डाव्या अंगाला, तुझी मूठ. हिसका दिला की पातं सुटतं आणि बॅटरी एकटी पडते. धुरात डोळे मिटलेले असले तरी हाताला सापडेल अशी मोठी, आणि बाहेरच्याला दिसेल अशी तांबडी मूठ मला बाजारात मिळाली नाही. साऱ्या विमानात हीच वस्तू सगळ्यात महत्त्वाची आहे.

उडण्याचा विचार नाही. काळजी नसावी, माया असावी.

तुझा,
भागोजी

*

रत्नागिरी,
२९ सप्टेंबर १९८६

चि. सौ. राहीस दमयंतीचे अ. उ. आ.

तुझ्या नवऱ्याचं पत्र आलं. शेवटच्या ओळीचं अक्षर इतकं सुंदर की मला घाम फुटला.

तूच विचार कर. एसटीत धूर झाला तर लोक खाली उतरतात. तिथे कुणी बसल्या जागेवरून बॅटरी तोडत बसत नाही. जिथून खाली उतरता येत नाही, तिथेच असली मूठ लागते. तेव्हा त्याच्यावर लक्ष ठेव. पेट्रोल किती आणतो, वारा कुठून येतो ते बघत उभा राहतो का, सगळं मला कळव. त्याला यातलं काही बोलू नकोस.

खंडेनवमीला मी येते. झेंडू इथून आणीन. मागच्या वर्षीची तुमची फुलं पूजेआधीच दमली होती.

तुझ्यावर राग नाही, हे लक्षात असू दे.

दमयंती

*

पाली,
४ ऑक्टोबर १९८६

ती. वन्संना राहीचा शि. सा. नमस्कार.

पेट्रोल एक डबा आणलं आहे. परवा तांदळाच्या काट्यावर स्वतःला तोलून घेतलं. विचारलं तर म्हणाले, बारीक झालो का ते बघतोय.

वन्सं, ते एक दिवस उडणार, हे शब्द दिला तेव्हाच मला कळलं. ज्याला उडायचं नसतं तो असा शब्द देत नाही. म्हणून मी भांडत बसले नाही. ती मूठ काय आहे ते दाखवा म्हटलं. त्यांनी मला बैठकीत बसवून दहा वेळा ओढायला लावली. अकराव्या वेळी मीच डोळ्यांना पदर बांधून ओढली.

लपून लक्ष ठेवायला मला जमणार नाही. रागावू नका. मळ्यातलं भात पिकत आलंय, तिथून सडा दिसतो, तेवढं माझं लक्ष असतंच.

नवमीला या. आठवण आहे ती राहू द्या.

राही

*

पाली,
१८ ऑक्टोबर १९८६

ती. अक्कास शि. सा. न.

बुधवारी सड्यावर विमान पळवत होतो. निम्म्यावर आलो तर मागून करपल्याचा वास. बटण बंद केलं, इंजिन बंद केलं, धूर वाढतच गेला. मूठ ओढली. आली नाही. दोन्ही हातांनी ओढली, तरी नाही. कमरेचा पट्टा सोडायला गेलो तर बोटं ऐकेनात. खाली मळ्यात राही भात कापत होती. धूर बघून तशीच विळा घेऊन धावत आली, मुठीखाली हात घातला, काहीतरी कापलं आणि ओढलं. पातं सुटलं. धूर थांबला. तिचा उजवा तळवा तापलेल्या तारेने भाजला आहे.

मग बघतो तर मुठीखाली झेंडूच्या माळेचा दोरा, तीन वेढे देऊन नळीशी आवळलेला. सुकलेली फुलं मीच काढून टाकली होती, दोरा बैठकीच्या आड राहिला. तेवढी चूक माझी. नवमीला माळा तुम्ही दोघींनी घातल्यात, मी तिथे नव्हतो. पण अशी गाठ मारली कुणी? राहीला विचारलं, ती बोलत नाही. नंतर फडताळात तुझं पत्र सापडलं, लक्ष ठेव म्हणून लिहिलेलं. तिला हे विमान नकोच असणार. मूठ अडली की मी नाद सोडीन असं वाटलं असेल, आणि धूर दिसल्यावर घाबरली असेल. तीन दिवस मी पडवीत झोपतो. भात घरात आलं की तिला माहेरी पाठवावी म्हणतो, दिवाळीनंतर परत आणायची की नाही ते बघू.

तूही यात होतीस का, एवढंच कळव.

भागोजी

*

रत्नागिरी,
२१ ऑक्टोबर १९८६

चि. भागोजीस अ. उ. आ.

तुझं अक्षर या खेपेला इतकं वाईट आहे, की तू मनापासून लिहिलंयस यात शंका नाही. तरी त्यात एक गोष्ट चूक आहे.

गाठ राहीची नाही, माझी आहे. सड्यावर वारा होता, माळ दोनदा घसरून मातीत पडली. साऱ्या विमानात ती मूठ सगळ्यात महत्त्वाची, हे तूच मला लिहिलं होतंस. नवमीला आपण ज्या हत्यारावर पोट त्याला माळ घालतो. मी म्हटलं, हिचाच मान मोठा. म्हणून पंख्याला लहान माळ घातली आणि मुठीला मोठी. ती पडू नये म्हणून तीन वेढे दिले आणि शाळेत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधते ती गाठ मारली. ती दातांनीही सुटत नाही. राही शेजारीच होती. म्हणाली होती, वन्सं, सैल राहू द्या. पूजेतलं मला कळतं, असं मी तिला सांगितलं.

ती तुझ्याजवळ माझं नाव घेणार नाही. मी तिच्या जागी असते तर पहिलं तेच घेतलं असतं. गेला महिनाभर मी तुझ्या अक्षरावर, पेट्रोलवर, तिच्या भाबडेपणावर संशय घेतला. माझे हात तेवढे त्यातून सुटले होते.

माझ्या त्या पत्राला तिने दिलेलं उत्तर सोबत पाठवते. अकराव्या वेळेपर्यंत वाच, मग पडवीतलं अंथरूण आत ने. तिची माफी तू तुझी माग, माझी मी येऊन मागते. आणि उडायचं की नाही ते दिल्लीला विचारण्याआधी तिला विचार.

शनिवारपासून शाळेला सुट्टी आहे. पहिल्या एसटीने येते. शहरात फार उकडतं म्हणून आले, असं राहीला सांग. मळ्यातलं भात अजून उभं असेल आणि तिला पंधरा दिवस विळा धरता येणार नाही. माझ्यासाठी एक विळा पाजळून ठेव. तिच्या वाटचा तुकडा मी कापीन. पेंढ्या कशा बांधायच्या ते ती बांधावर बसून सांगेल, तशा बांधीन.

दोघांचाही लोभ राहावा, ही विनंती.

अक्का