शेवंतीबाईंचा नळ आणि मी

५ जानेवारी
संस्थेचं भेदभावाविरुद्धचं ट्रेनिंग संपलं. जात, बाईपण, वैधव्य, परगाव, हे सगळं एकाच माणसावर एकदम कसं कोसळतं, ते आता डिचोली तालुक्यात माझ्याइतकं कुणाला कळत नसेल. शेवटी एक खेळ होता. आयुष्यात ज्याला जास्त सवलती मिळाल्या त्याने पुढे सरकायचं. मी पहिला आलो.

पहिली केस घरातच. खालच्या खोलीत शेवंतीबाई राहतात, दोडामार्गच्या. नवरा खाणीच्या ट्रकवर होता, वारला. घरमालक गोकुळदासबाबांनी त्यांना अंगणातल्या नळाला हात लावायला बंदी केलीय. देवाचं पाणी बाटतं म्हणे! बाई लांबून कळशा आणतात. असंच चाललं तर खोली सोडावी लागणार, आणि मुलगी सिद्धी दहावीत. उद्याच मालकांना सुनावतो.

६ जानेवारी, सकाळ
जिन्यावर मालक खोकले. मी दार लोटून घेतलं. मीही त्यांचाच भाडेकरू, वरच्या मजल्यावर. पण तो मुद्दा नाही. अशी कामं टप्प्याटप्प्याने करायची असतात.

११ जानेवारी
मालकांनी चहाला बोलावलं. म्हणाले, तुमी आमचेच मरे, उदक बरें येता? म्हटलं, पाणी चोवीस तास. नळाचा विषय अगदी ओठांवर आला होता. तेवढ्यात त्यांनी बिस्किटं पुढे केली, म्हणून राहिलं.

१७ जानेवारी
उद्या ग्रामसभा. बाईंचा अर्ज मीच लिहिलाय, फर्स्ट क्लास. सकाळपासून चारदा संडास. भीतीने नव्हे, कालच्या भाजी-पावाने.

१८ जानेवारी, रविवार, दुपार
शेवंतीबाई स्वतःच उठल्या. न अडखळता सगळं सांगितलं. मालक म्हणाले, जातीबितीचं काही नाही, घराची पाण्याची लाईनच बिघडलीय. सरपंचांनी मला विचारलं, तुम्ही त्याच घरात राहता, तुम्हाला पाणी येतं? मालक माझ्याकडे बघत होते. देवा रे! म्हटलं, नाही, मलाही येत नाही.

मग काय, कुणालाच पाणी नाही म्हणजे भेदभाव नाही. अर्ज निकाली.

तसं पाहिलं तर मी स्वतःला बाईंच्याच रांगेत उभं केलं. ट्रेनिंगमध्ये हेच तर शिकवतात.

परतताना बाई एवढंच म्हणाल्या, सर, तुमची बाल्दी भरता, ती माका खाली आयकाक येता.

२१ जानेवारी
खालच्या खोलीला कुलूप. सिद्धीचा दाखला काढला म्हणे. मालक म्हणाले, आता पाणी हवं तेवढं वापरा.

खाली ऐकायला कोणी नाही. तरी नळ बारीक सोडूनच आंघोळ केली.