सवतीचा टाक

आबा,

मी सकाळच्या गाडीनं अंबडला चालले, वंशावळीचा तक्ता छापायचा थांबवायला. भाकरी टोपल्यात झाकून ठेवलीय. बीपीची गोळी जेवल्यावर घ्या, विसरू नका.

तीन महिन्यांपासून घराण्याचे जुने फोटो गोळा करून राह्यले. दर फोटोला तुमचं एकच, "असंल कुणीतरी." भिंतीवरच्या एका फोटोला तेवढं बराबर बोलले, "ही गोजरबाई, माझी आई. लिही." मी लिहिलं. काल आसराआत्यानं तोच फोटो बघितला अन् म्हणली, "माझ्या आईच्या गळ्यात चांदीचा टाक दिसत न्हाई का तुला? तो सवतीच्या नावाचा. पहिली वारली म्हणून दुसरीला घालावा लागला. तुझा बाप त्या पहिलीचा."

साठ वर्षांची घरातली गोष्ट, अन् मला आत्याकडून कळती. विचारून विचारून जीभ झिजली माझी.

गोजरबाईनं तुम्हाला वाढवलं, तिला आईच म्हणा. तिचं नाव मी खोडणार न्हाई. पण देव्हाऱ्यातले सगळे देव मी घासते, फोटोतल्या त्या एका टाकाला तेवढं तुम्ही मला हात लावू देत न्हाई. स्वतः चिंचेनं घासता. कारण आता कळलं.

त्या पहिलीचा फोटो न्हाई, तर टाकाचा छापू. तिचं नाव आत्यालाही ठाऊक न्हाई, घरात कुणी घेतलंच न्हाई म्हणे. दुपारपर्यंत येते. ह्याच चिठ्ठीच्या मागं ते लिहून ठेवा. तोंडानं तुमच्या निघणार न्हाई, म्हणून लिहा म्हणते.

प्रांजली