पांढऱ्यावर पांढरं

दि. ६ फेब्रुवारी

चि. धाकटे,

अनेक आशीर्वाद. आम्ही खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते, पण आईपुढे मी हात टेकलेत.

तुला माहीत आहेच, जुना काळा ओटा खचला म्हणून स्वयंपाकघराचं काम काढलंय. आता फक्त नव्या ओट्याचा दगड, त्यामागच्या टाइल्स आणि खिडकीच्या चौकटीभोवतीची लाकडी पट्टी एवढंच ठरायचंय. पण आईला काही पसंत पडेल तर शपथ! नमुने पुढे ठेवले की बघायचं सोडून अंगठा फिरवते आणि गुळगुळीत आहे म्हणते. निळी टाइल दिली तर म्हणे, हिरवी नको. अगं निळी आहे म्हटलं, तर तेच ते म्हणाली. मिस्त्री रोज येतो, चहा पितो आणि जातो. बाहेरच्या खोलीत टेबलावर गॅस मांडलाय, तिथे आईने दूध उतू घालवलं आणि बोल लावला टेबलाला. आता तूच काय ते ठरव आणि मला सोडव.

वैताग पत्राबरोबर पाठवतेय, लोभ इथेच आहे.

तुझी ताई

दि. १३ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. अगं, तुम्ही दोघी टाइल्स घेताय की राज्य वाटून घेताय? सगळं पांढरं करून टाक. ओटा पांढरा, टाइल्स पांढऱ्या, खिडकीची पट्टीही पांढरी. खोली उजळेल, मोठी दिसेल. आईला विचारत बसलीस तर मिस्त्री तिथेच म्हातारा होईल. ती चार दिवस कुरकुरेल आणि मग शेजारणींना हौसेने दाखवत सुटेल. नेहमीचंच आहे तिचं.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी धाकटी

दि. २ मार्च

चि. धाकटे,

आशीर्वाद. तुझं ऐकलं आणि पस्तावले. सगळं पांढरं झालं. पहिल्याच सकाळी आईने बरणी ओट्याच्या अलीकडे, चक्क हवेत ठेवली. फुटली. मी ओरडले की लक्ष कुठे असतं तुझं. मग कढई ठेवायला गेली, तीही तशीच खाली आली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अगं, तिला नीट दिसतच नाही! काळ्या ओट्याची कड तरी तिला कळायची. आपण पांढऱ्यावर पांढरं लावून तीही पुसून टाकली.

विचारलं तर आधी भडकली, मग रडली. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली सांभाळता येईल. इतके महिने बाईने ताकास तूर लागू दिली नाही! आता मी तिला गॅसपाशी फिरकू देत नाही. ती खुर्चीत बसून असते. बोलत नाही, धड जेवत नाही. मला रडूही येतं आणि संतापही येतो. काय करू ते लवकर कळव.

तुझी ताई

दि. १९ मार्च

चि. धाकटीस,

आईचे आशीर्वाद. जाड पेनने मीच लिहितेय. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर सोडवून वाच. ताई लिहून देते म्हणाली होती, पण तिचीच तक्रार तिच्याकडून कशी लिहून घेऊ?

मी लपवलं, कारण तुम्ही दोघी मला पक्क्या ठाऊक. डोळे अधू झाले म्हटलं की आधी हातातला झारा काढून घ्याल. आणि घेतलाच की! दिवसभर नुसतं बसून माणसाने करायचं काय? मी आंधळी होण्याला नाही, बिनकामाची होण्याला घाबरले होते.

शेवटी मिस्त्रीला मीच बोलावलं. म्हटलं, या दोघींना विचारलंस तर पुढच्या वर्षीही इथेच असशील. ओट्याच्या कडेला काळा दगड, मागे गडद टाइल्स आणि खिडकीला भडक पिवळी पट्टी लावून घेतली. ताई म्हणते, स्वयंपाकघराचं दुकान केलंस. असू दे.

काल ताई उठायच्या आत मी चहा टाकला. ती धावत आली आणि दारातच थांबली. मी कप ओट्यावर ठेवला. ठेवला तिथे राहिला. ती प्यायली, साखर कमी आहे म्हणाली आणि डबा घ्यायला उठली. मी तिला म्हटलं, तू बस. मी देते.

काळजी जरा आवरा, माया मात्र होती तेवढीच ठेवा.

तुमची आई