अक्षता पडताना आई

गुहागर, मे महिना

आईस रागिणीचा नमस्कार,

लेकीचं लग्न आईनं काहून बघायचं नसतं?

ज्या लग्नाचे फोटो काढायच्या कामावर मी इथं आले, ते समुद्रावरचं लग्न घरगुतीच होतं. अक्षता पडताना नवरीची आई लेकीसमोर उभी राहून रडत होती, हसतही होती. तिचेच फोटो मी जास्त काढले. ताईच्या लग्नात त्या वेळी तू मागं तुळशीला पाणी घालत होतीस, म्हणून अल्बममध्ये नाहीस.

मी बरी आहे. जेवायला एकटीच बसले. "अजून एक घे, लेकरा" म्हणणारं कुणी नव्हतं. तुझा गुडघा कसा आहे?

आबा रागावतील. पण कळमनुरीचं स्थळ ठरत आलंय ना, त्या मुलाला मी फोनवर सांगून टाकलं: माझी आई समोर नसेल, तर मी अंतरपाटाआड उभी राहणार नाही.

तुझी लेक,
रागिणी